खोटे अलर्ट आणि पळसाचा डोंगर

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधले काही शनिवार-रविवार कीबोर्डला हात न लावता गेले. कुठे गेले ते सांगतो, आणि त्यावरून माझं जे एक मत बनलंय तेही. पटलं तर घ्या.

सुरुवात रात्री तीनपासून करावी लागेल. दोन वर्षं मी ऑन-कॉल होतो. आमच्या धंद्यात ऑन-कॉल म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगायचं तर रात्रपाळीच्या वॉचमनसारखं, फक्त झोपायची परवानगी असते. सर्व्हर आडवा झाला की फोन कोकलतो, आणि पाच मिनिटांत लॅपटॉप उघडून 'बघतोय' असं टाइप करायचं. पुढे टीम बदलली. फोन वाजायचा बंद झाला. पण तीन वाजता जाग येणं काही थांबेना. फोन शांत, घर शांत, बायको-पोरगी गाढ झोपेत, आणि इकडे छातीत धाड धाड. यंत्रणा काढून टाकली तरी अलर्ट चालूच.

एके रात्री डावा हात जड वाटला म्हणून थेट दवाखाना गाठला. ईसीजी काढला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हृदय ठणठणीत आहे. तुमची चिंता वाढलीये." मला आधी बरं वाटलं आणि मग वाईट. हार्टचं काही असतं तर निदान रजा तरी मागता आली असती! आता मॅनेजरला काय सांगणार? आपल्या भाषेत या प्रकाराला केवढे शब्द आहेत बघा: काळजी, घोर, धास्ती, धाकधूक, घालमेल, हुरहूर. आजीच्या तोंडात यातला प्रत्येक शब्द वेगळ्या जागी यायचा. आम्ही मात्र या सगळ्याला मिळून एकच शब्द ठेवलाय, 'स्ट्रेस'. तोही चहाच्या मशीनपाशी हसत हसत म्हणायचा.

डॉक्टरबाईंनी एका समुपदेशकाचं नाव दिलं आणि वर सांगितलं, "मोकळ्यावर चालत जा. ट्रेडमिलवर नाही, बाहेर." समुपदेशकाकडे गेलो, अजूनही जातो. पण चालायचं म्हटल्यावर माझ्यातला इंजिनियर जागा झाला. पुरावा काय?

पुरावा शोधला, तर सापडला. २०१५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ३८ लोकांपैकी काहींना गवताळ टेकड्यांवर, ओकच्या विरळ झाडांमधून दीड तास चालवलं आणि काहींना तितकाच वेळ वाहत्या हमरस्त्याच्या कडेनं. टेकडीवरून आलेल्यांचं तेच तेच विचार घोळवत बसणं कमी झालं होतं, आणि मेंदूचा जो भाग या घोळवण्याशी जोडलेला आहे तिथली हालचालही मंदावली होती. रस्त्याकडेच्या मंडळींत तसं काही दिसलं नाही. दुसरा अभ्यास २०१९ चा, इंग्लंडमधल्या जवळपास वीस हजार लोकांचा. आठवड्यात किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगत होते. दोन तास एकदम घालवा नाहीतर तुकड्या-तुकड्यांनी, फरक पडत नव्हता. अर्थात यावरून 'निसर्गामुळे बरं वाटतं' हे सिद्ध होत नाही. ज्याला बरं वाटतंय तोच बाहेर पडत असेल, असंही असू शकतं. ३८ माणसांवरून जगाचा नियमही काढता येत नाही. पण दीड तास चालायला खर्च काय? शून्य. आणि साइड इफेक्ट? गुडघेदुखी. म्हटलं, चला.

मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. त्या लोकांना घनदाट जंगलात नाही नेलं, धबधब्याखाली तर नाहीच. गवत आणि मधूनमधून झाडं. म्हणजे आमच्या रहिमतपूरकडचं माळरानच की हो ते!

तर माझं मत असं: जिवाला घोर लागलेल्या माणसानं डोंगरावर जावं, पण पावसाळ्यात नाही. माघ-फाल्गुनात जावं, थंडी सरून उन्हाळा लागायच्या आधीच्या त्या पाच-सहा आठवड्यांत. आणि नावाजलेल्या डोंगरावर जाऊ नये. आपल्या गावाजवळच्या, कुणी फोटो न काढणाऱ्या डोंगरावर जावं. पुन्हा पुन्हा, त्याच त्याच.

पुण्या-मुंबईचा पावसाळी ट्रेक तुम्ही पाहिलाय? मी कित्येक केलेत. शुक्रवारी रात्री बस, पहाटे चार वाजता पायथ्याशी दोनशे माणसं, शिडीपाशी रांग, वर ढगात काहीच दिसत नाही, मग भजी, मग सोमवारी ऑफिसात 'किती किल्ले झाले?'. किल्ले 'होतात' आमच्याकडे, तिकिटं क्लोज होतात तसे. ज्याचं मन आधीच आकड्यांनी भरलंय त्याला आणखी एक आकडा देऊन काय साधणार? कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत तर ऑनलाइन बुकिंग करून जावं लागतं. फुलं सुंदरच असतात, प्रश्न फुलांचा नाहीच. प्रश्न असा की तिथे 'काहीतरी बघायला' जायचं असतं, आणि बघून झालं की परत यायचं. माघातल्या डोंगरावर बघायला काहीच नसतं. तेच त्याचं औषध.

काहीच नसतं म्हणजे पहिल्या खेपेला तरी तसं वाटतं. शनिवारी सकाळी पुण्याहून निघालो, दुपारी घरी जेवलो, आणि रविवारी पहाटे आईनं बळंच घातलेला स्वेटर चढवून गावाबाहेरच्या टेकाडाकडे निघालो. त्या टेकाडाला नाव नाही. बारकाल्या ट्रेकिंगच्या पुस्तकातही ते मिळायचं नाही. कमंडलू नदीच्या काठाकाठानं, मग उसाच्या आणि आल्याच्या रानातून बांधावरून, मग माळ. सगळं गवत वाळून पिवळंधमक झालेलं. कुसळं मोज्यांत अशी घुसली की दर दहा मिनिटांनी बसून उपटावी लागत होती. झाडांची पानं झडलेली. सात वाजता हात गारठलेले, नऊला स्वेटर कमरेला, अकराला डोक्यावर टोपी नाही म्हणून स्वतःला शिव्या. मला वाटलं, कशाला आलो?

दुसऱ्या आठवड्यात गेलो, तर ज्या काटक्यांच्या सांगाड्याकडे पाहून मी 'मेलेलं झाड' म्हटलं होतं त्याला काळपट मखमली कळ्या लागल्या होत्या. पळस. तिसऱ्या खेपेला झाडावर एक पान नाही आणि सगळं झाड केशरी. ओढ्याच्या कडेला पांगारा लालभडक, त्यावर मैना, बुलबुल आणि सातभाईंची भांडणं. सामाजिक वनीकरणात लावलेल्या गिरिपुष्पाच्या काठ्यांनाही फिकट गुलाबी फुलं. खाली मळ्यात आंब्याला मोहोर, आणि कुठल्याशा वडावर बसून तांबट पक्षी टुक्-टुक्-टुक् करत तांबं ठोकत होता. हा पक्षी थंडीभर जवळजवळ गप्प असतो, ऊन चढायला लागलं की सुरू होतो. हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं. लहानपण सगळं याच गावात गेलं, तरी!

पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू चैत्रात लागतो. वसंतपंचमी मात्र माघात येते, म्हणजे ऐन शिशिरात. शाळेत गुरुजींना मी याबद्दल विचारलं होतं आणि 'शहाणपणा करू नकोस' असं उत्तर मिळालं होतं. आता वाटतं, ज्यानं कुणी ते ठरवलं तो माणूस डोंगरात फिरणारा असावा. पानगळ आणि फुलोरा हे दोन वेगळे ऋतू नाहीतच, दोन्ही एकाच वेळी एकाच झाडावर चाललेलं असतं. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते म्हणतात. जाते, पण एका दिवसात नाही. आज गेली, उद्या पहाटे परत आली, असं पंधरा-वीस दिवस चालतं. माझी धास्तीही तशीच जातेय. एक आठवडा शांत झोप, मग पुन्हा एक रात्र तीनची. आधी मी त्या एका रात्रीनं खचायचो, 'झालं, सगळं पहिल्यासारखं' म्हणून. आता म्हणतो, थंडी परत आली असेल.

एका रविवारी औंधला गेलो. रहिमतपूरहून औंध लांब नाही, एस.टी. नाहीतर वडाप मिळतं. यमाईच्या डोंगराला पायऱ्या आहेत. पौषातली यात्रा होऊन गेली की डोंगर पुन्हा मोकळा होतो. वाटेत श्रीभवानी वस्तुसंग्रहालय लागतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली ते उभं केलं, आणि रविवर्म्याची मूळ चित्रं बघायला अजून लोक तिथे येतात. याच राजेसाहेबांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत पोरापोरींकडून सूर्यनमस्कार घालून घेतले, स्वतः आयुष्यभर घातले, त्यावर पुस्तकं लिहिली. 'वेलनेस' हा शब्द आम्हाला कंपनीच्या मेलमधून कळायच्या किती आधी आमच्या शेजारच्या गावात तो राजाज्ञा होता! वर मूळपीठाच्या तटाशी बसलो की पूर्वेला माणदेशाचे उघडेबोडके डोंगर दिसतात. याच सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पूर्वेच्या माण-खटावात पाचशेच्या आसपास. आमचं रहिमतपूर या दोघांच्या मधलं.

आता आगीची गोष्ट. चौथ्या की पाचव्या खेपेला, फेब्रुवारीअखेरीस, मी टेकाडाच्या निम्म्यावर असताना पलीकडच्या उतारावर धूर दिसला. कुणीतरी बांध पेटवला असेल म्हणून दुर्लक्ष केलं. दहा मिनिटांत तडतड ऐकू यायला लागली. वणवा. माझ्या छातीत तीच ओळखीची धाड धाड सुरू झाली. मी मूर्खासारखा वरच्या अंगाला पळायला लागलो. तेवढ्यात खालून एक शेरडं राखणारे म्हातारबा ओरडले, "आरं वर कुटं चाललास? आग चढाला पळती! कडंला ये, कडंला!"

ते, मी आणि रानातून धावत आलेले तीन-चार जण, आम्ही कडुलिंबाचे हिरवे डहाळे तोडले आणि कडेकडेनं झोडपायला सुरुवात केली. वारा नव्हता हे नशीब. आग पायवाटेपर्यंत आली आणि तिथे दमली. पाऊण तास लागला असेल. तोंड काळं, डोळ्यांतून पाणी, भुवया करपलेल्या. म्हातारबांनी बाटलीतलं पाणी दिलं आणि म्हणाले, "तुमी कुणाचं?" वडलांचं नाव सांगितलं. "हां, मग ठीक हाय."

खाली बसलो तेव्हा लक्षात आलं, छाती शांत आहे. पार शांत. आणि मग मला माझ्या दोन वर्षांचा हिशोब लागला. आमच्या मॉनिटरिंगमध्ये खोटे अलर्ट हा मोठा आजार असतो. काही बिघडलेलं नसताना फोन वाजतो, आपण उठतो, बघतो, काही नसतं. असे खोटे अलर्ट फार झाले की खरा कोणता ते कळेनासं होतं. माझं शरीर तेच करत होतं. तीन वाजताच्या धास्तीला करायला काही काम नसतं, म्हणून ती संपतही नाही. आगीच्या भीतीला काम होतं. झोडपलं, विझली, भीती संपली. धडधडणं तेच, पण एकाला शेवट आहे. डोंगरावर शरीराला रोज थोडे थोडे खरे अलर्ट मिळतात: घसारा, काटा, ऊन, संपत आलेलं पाणी. आणि प्रत्येक अलर्ट बंद होताना दिसतो. माझ्या मते चालण्याचा गुण यातच असावा. शास्त्रज्ञ काय म्हणतील माहीत नाही. (आणि यावरून कुणी मुद्दाम वणव्यात उडी घेऊ नये!)

जाता जाता वणव्याबद्दल. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं, असं अजूनही कित्येक जण मानतात. राखेवर दोन दिवस हिरवं दिसतंही. पण त्या आगीत झाडांची रोपं जातात, जमिनीवर घरटी करणाऱ्या टिटवी-चंडोलांची अंडी-पिल्लं जातात, आणि उघडी पडलेली माती पहिल्या वळवात वाहून ओढ्यात जाते. वनखातं आपल्या हद्दीत जाळरेषा काढतं, पण गायरानाला आणि खाजगी माळाला कोण वाली? शहरातून मनःशांती घ्यायला येणाऱ्यानं किमान काडेपेटी घरी ठेवावी, आणि धूर दिसला तर माझ्यासारखं दुर्लक्ष करू नये. ज्या डोंगराकडून घेतोय त्याला एवढं तरी देणं लागतो.

हे सगळं मी घरी मोठ्या उत्साहानं सांगत होतो, तर माझा चुलतभाऊ म्हणाला, "तुमचं बरंय दादा. तुमी डोंगरावर जाऊन टेन्शन घालवताय. आमी रोज त्याच डोंगराच्या बुडाला राबतोय, आमचं का जाईना?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याचं आलं गेल्या वर्षी भाव पडल्यावर काढलं. ऊसतोड टोळी कधी येणार ते माहीत नाही. तोही रात्री तीनला जागा असतो, मोटर चालू करायला, कारण शेतीची वीज रात्रीची असते. त्याचे अलर्ट खोटे नाहीत. माझं चालणं हे महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होणाऱ्या माणसाचं चालणं आहे, हे मान्य केलंच पाहिजे. पोटाच्या घोरावर पळसाचा उतारा चालत नाही. जो तसं सांगतो तो एकतर काही विकतोय नाहीतर कधी कर्ज काढलेलं नाही.

पण पुढच्या रविवारी तो आपणहून आला. "चल, बगू तरी काय हाय त्या टेकाडावर." पहिला तासभर दोघंही गप्प. मग चढाला, धापा टाकत, माझ्याकडे न बघता तो बोलायला लागला. सोसायटीचं कर्ज किती, सोनाराकडे काय ठेवलंय, बायकोला काय सांगितलंय आणि काय नाही. आम्ही सख्ख्यासारखे वाढलो, पण घरात समोरासमोर बसून या माणसानं मला हे वीस वर्षांत सांगितलं नसतं. आमच्याकडच्या बाप्यांना डोळ्यांत बघून दुःख सांगता येत नाही. शेजारी शेजारी चालताना, नजर पायवाटेवर असली की सांगता येतं. मी उपाय काही सांगितला नाही. आकडे तेवढे विचारले, आणि संध्याकाळी दोघांनी बसून वहीत मांडले. कर्ज एका रुपयानं कमी झालं नाही. तो त्या रात्री झोपला, एवढं दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली.

त्यानंच मला वेळूचे चर दाखवायला नेलं. वेळू आमच्याच कोरेगाव तालुक्यातलं गाव. २०१६ च्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत ते पहिलं आलं. ऐन उन्हाळ्यात गावकऱ्यांनी श्रमदान करून डोंगरउतारावर समतल चर खोदले, बांध घातले, म्हणजे पडेल तो पाऊस जागीच मुरेल. पाण्याच्या धास्तीवर एका गावानं मिळून काढलेला तो उपाय. आपल्याकडे 'निसर्ग' म्हणजे माणूस नसलेली जागा असं धरून चालतात. आमचे डोंगर तसे नाहीत. शेरडांच्या वाटा, देवीच्या पायऱ्या, कुणीतरी खोदलेले चर, कुणीतरी लावलेली गिरिपुष्पं. त्या डोंगरावर एकटा बसलो तरी मी एकटा नसतो, आणि मला वाटतं, बरं वाटण्यात त्याचाही वाटा आहे.

तेव्हा जायचं असेल तर सोपं आहे. आपल्या गावाजवळचं एक टेकाड निवडा. होळीच्या आधी सुरुवात करा. उजाडता निघा, ऊन तापायच्या आत उतरा, दोन लिटर पाणी, टोपी, आणि जाताना घरी सांगून जा. फोन न्या, पण पावलं मोजणारं ॲप बंद ठेवा. आणि महिनाभर चालूनही रात्र सरत नसेल, जेवण जात नसेल, जगण्यात राम वाटत नसेल, तर डोंगराच्या भरवशावर राहू नका. डॉक्टरकडे जा. सरकारची टेलि-मानस ही फुकट मदतवाहिनी २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं. चुलतभावालाही मी तो नंबर फोनमध्ये भरून दिलाय. त्यानं तो 'डोंगर' या नावानं सेव्ह केलाय, म्हणजे कुणी बघितलं तर काही विचारणार नाही म्हणे.

असो. काल रात्री पुन्हा सव्वातीनला जाग आली. उठून पाणी प्यालो, गॅलरीत उभा राहिलो. सोसायटीतल्या गुलमोहराची पानं झडून खाली पडलीत, सकाळी वॉचमन झाडून घेईल. येत्या रविवारी गावी जायचंय. पळस आता गळायला आला असेल, पण करवंदीला फुलं आली असतील. भाऊ म्हणालाय, या वेळी वहिनीही येणार आहे.